गाडीतली गोष्ट

दीनानाथ खांबेटे आठवडाभर परदेशात, कनाटा गावातल्या एका टेलिकॉम कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधत, आणि वर्षातून चार-पाचदा धोतर नेसून कीर्तनाला उभे राहत. मिरजेला काकांच्या मागे टाळ धरून ते कीर्तन शिकले होते. काका गेले, मिरज सुटली, पण काकांच्या चिपळ्या त्यांनी विमानात मांडीवर ठेवून आणल्या. इथली मराठी मंडळी त्यांना बुवाच म्हणत. आवाज काही पहाडी नव्हता, पण सांगण्यात माया होती. देवाचं नाव घेताना माणूस खरंच विरघळतो, हे बुवांकडे बघून पटायचं.

बुवांच्या मागे डाव्या हाताला, वयाच्या सातव्या वर्षापासून, त्यांची मुलगी ऊर्मी टाळ घेऊन उभी असे. बुवांनी ओळ टाकायची आणि मागच्यांनी ती उचलायची, हा कीर्तनाचा रिवाज. शाळेत दिवसभर इंग्रजी बोलणारी ही पोर त्या ओळी उचलता उचलताच मराठी शिकली. पुढे ती शिकायला सहा तासांवरच्या किचनर शहरात गेली. इंजिनिअर नाही, डॉक्टर नाही, तर पाचशे वर्षांपूर्वीच्या इटलीत मुलांमुलींना काय शिकवत, याच्यावर पीएचडी. मराठी मंडळातल्या लोकांना ते नीट कळत नसे, पण दीनानाथना त्याचं अतोनात कौतुक.

"बाबा, तुझ्यासारखंच आहे सगळं," रविवारच्या फोनवर ती सांगायची. "जुन्या पोथ्या परत वाचायला लागले होते लोक. मास्तर मुलांना वही ठेवायला लावायचे. चांगलं वाक्य दिसलं की हेडिंगखाली उतरवून घ्यायचं. मग चौकात भाषण करताना ते बाहेर काढायचं."

दीनानाथ हसून आपल्या निळ्या पुठ्ठ्याच्या वहीवर थाप मारत. तिच्यातही भक्ती, वैराग्य, संगत, वाणी अशी पानं पाडलेली होती.

"आणि मुली?" दीनानाथांची बायको शीला मागून विचारी.

"मुलींना लॅटिन सगळं शिकवायचे, आई. फक्त भाषण करायला नाही शिकवायचे. चौक मुलांचा. मुलीची विद्या घरात."

"मग शिकवायचं कशाला? पोळ्या लॅटिनमध्ये लाटायला?"

फोनवर तिघंही हसत. रविवार असा जाई.

त्या वर्षी मार्चमध्ये ऊर्मीला जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यात एक मुलगी सापडली होती. नावही धड उरलेलं नाही. ह्या मुलीनं एका मोठ्या पंडिताला पत्र लिहिलं होतं, की मी सगळं वाचलंय, पण माणूस समोर आला की माझी जीभ कोरडी पडते, काय करू ते सांगा. पंडितानं उत्तर दिलं नाही. त्याला तिचं लॅटिन इतकं आवडलं, की त्यानं ते पत्र भर सभेत वाचून दाखवलं आणि तोंड भरून स्तुती केली.

"मग?" दीनानाथनी विचारलं.

"मग काही नाही. त्यानंतर तिचं एकही पत्र सापडत नाही. वाचून दाखवल्यावर कोण लिहील, बाबा?"

दीनानाथना हे फार लागलं. त्यांनी ते त्याच दिवशी वहीत उतरवलं, 'वाणी' ह्या पानावर. रामनवमीच्या कीर्तनाला दृष्टान्त मिळाला होता.

दोन हजार अकरा साली रामनवमी मंगळवारी होती, पण इथे देव वीकएंडलाच जन्माला येतो, त्याची सगळ्यांना सवय. शनिवारी शाळेचा कॅफेटेरिया घेतला होता. शुक्रवारी संध्याकाळी ऊर्मी बसनं आली. दीनानाथ तिला आणायला गेले. रस्त्याच्या कडेला अजून काळपट बर्फाचे ढीग होते. हायवेवर गाडी लागल्यावर ती म्हणाली, "बाबा, एक सांगू? पण गाडीतली गोष्ट."

त्यांच्या घरातला हा लहानपणापासूनचा शब्द. गाडीत सांगितलेलं गाडीतच राहायचं. गणितात पडलेले नऊ मार्क, वर्गातला एक मुलगा आवडायचा ते, आईची काचेची बरणी कोणी फोडली ते, सगळं ह्या नाहीतर आधीच्या गाडीत सांगून झालेलं होतं आणि त्यातलं एक अक्षर दीनानाथनी कधी घरात नेलं नव्हतं.

"सांग की."

"मी पीएचडीची ओरल फेल झाले." ती समोर बघत होती. "पाच प्रोफेसर होते. सगळं येत होतं, बाबा. पहिल्या प्रश्नाला तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. ब्लँक. पाणी प्यायला ग्लास उचलला तर तो दातांवर वाजायला लागला. मग त्यांनीच म्हटलं, लेट्स स्टॉप हिअर."

दीनानाथनी एक हात स्टिअरिंगवरून काढून तिच्या डोक्यावर ठेवला.

"अजून एक चान्स देतात. एकच. त्याच्यात गेलं तर प्रोग्रॅम सोडायचा." तिनं हीटर जरा कमी केला. "आईला मीच सांगणार आहे. पण उद्याचं होऊ दे, नाहीतर ती आजपासून उपास धरेल. आणि मंडळात तर अजिबातच नको."

"वेडी आहेस का? माझ्या पोटातून काढून दाखवू दे कोणी."

दुसऱ्या दिवशी कॅफेटेरिया भरला. दाराशी बर्फाच्या बुटांची रास, आत टेबलं भिंतीला लावून मधे सतरंज्या. एका कोपऱ्यात पाळणा फुलांनी सजवलेला. जन्माच्या वेळी त्याची दोरी शीलानं ओढायची, म्हणून ती नऊवारी नेसून पाळण्याशेजारी बसलेली. तबल्यावर अरविंद, मागे टाळ घेऊन ऊर्मी. जन्म व्हायचा उत्तररंगात. त्याआधी पूर्वरंगात बुवांनी वाणी हा विषय लावला. देवानं माणसाला जीभ दिली ती कशासाठी, असं.

पहिली वीस मिनिटं छान गेली. मग त्यांनी इटलीतल्या मुलीची गोष्ट काढली. माझ्या ऊर्मीनं शोधलेली, असं अभिमानानं म्हणाले. पंडिताला त्यांनी चांगला फैलावर घेतला. "अरे, त्या लेकीनं तुला मन दिलं होतं वाचायला. सभेत फडकवायला नव्हतं दिलं," असं म्हणाले तेव्हा एक-दोन माना हलल्या. पण इटली लांब पडली. पाचशे वर्षंही लांब पडली. मागच्या रांगेतले बाप कॉरिडॉरमध्ये पळणाऱ्या पोरांना आणायला उठले. कोणाचा तरी फोन वाजला. किचनमध्ये खिचडीला फोडणी पडली तशी दोन-चार डोकी तिकडे वळली. समोरची सभा सुटायला लागली, की कीर्तनकाराच्या पायाखालची फरशी हलते. ती भीती ज्याला ठाऊक, त्यालाच ठाऊक.

दीनानाथनी चिपळ्या थांबवल्या.

"इटली राहू द्या," ते हळू आवाजात म्हणाले. "जवळचं सांगतो. एक लेकरू आहे. कोणाचं ते विचारू नका. इथेच शिकतंय, ह्याच देशात. रात्रंदिवस वाचलं. पाच मोठी माणसं समोर बसली, पहिला प्रश्न आला, आणि लेकराच्या तोंडातून शब्द फुटेना. पाण्याचा पेला उचलला तर तो दातांवर वाजतो. अशा वेळी कोण येतं हो धावून?"

कॅफेटेरिया गप्प झाला. उभे राहिलेले बाप होते तिथेच थांबले. दीनानाथना साकी सुचली ती तिथेच, उभ्या उभ्या, आणि त्यांनी ती डोळे मिटून गायली:

भर सभेत त्या उभे लेकरू, शब्द थिजे ओठांत
धाव दयाळा, घाल तयाच्या हात तुझा हातात

मागून ओळ उचलली गेली. अरविंदचा जाड आवाज आणि त्याच्यावर ऊर्मीचा. टाळ एकदाही चुकला नाही. समोर बायका पदरानं, ओढणीनं डोळे टिपत होत्या. दीनानाथनी ओळ पुन्हा टाकली. ती पुन्हा उचलली गेली. इतकी रंगली होती, की त्यांनी ती तिसऱ्यांदा टाकली.

मग नामाचा गजर झाला, आणि रिवाजाप्रमाणे मंडळाच्या सेक्रेटरी सुमेधाताई हार आणि बुक्का घेऊन पुढे आल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. बुवांच्या कपाळाला बुक्का लावताना त्या कुजबुजल्या, "बुवा, ऊर्मीला सांगा, आमचे सगळ्यांचे आशीर्वाद आहेत. होईल पुढच्या वेळी."

तोपर्यंत दीनानाथना खरंच वाटत होतं, की आपण नाव घेतलं नाही. दहा मिनिटांपूर्वी आपणच 'माझ्या ऊर्मीनं' म्हणालो, आणि ह्या सभेत असलं शिकणारं दुसरं लेकरू नाही, हे त्यांच्या डोक्यात आत्ता शिरलं. त्यांनी पाळण्याकडे बघितलं. शीला त्यांच्याकडे बघत नव्हती. त्यांच्या खांद्यावरून मागे, ऊर्मीकडे बघत होती. मागे वळून बघायची दीनानाथांची छाती झाली नाही.

त्यानंतर चाळीस मिनिटं त्यांना रामजन्म सांगावा लागला. दशरथाला मूल नाही म्हणून त्याचं झुरणं सांगितलं, कौसल्येचा आनंद सांगितला, आणि त्यांनी टाकलेली प्रत्येक ओळ मागून तशीच्या तशी, स्वच्छ सुरात उचलली जात राहिली. ते ऐकवत नव्हतं.

आरती झाल्यावर सुंठवडा वाटला गेला. सुंठवड्याची चिमूट हातात घेऊन लोक एकेक करून ऊर्मीपाशी जाऊ लागले. "अगं, सेकंड चान्स असतोच." "आमच्या रुचाला पण ड्रायव्हिंग टेस्टला अस्संच झालं होतं." "योगा कर थोडा." ती प्रत्येकाला "थँक यू मावशी, थँक यू काका" म्हणत होती. सगळ्यात शेवटी ती बुवांसमोर आली. कीर्तनकार गादीवर असेपर्यंत त्याच्या पाया पडायचं, मग तो बाप का असेना. ती वाकली, पायांना हात लावला, टाळ पिशवीत ठेवले, आणि अरविंदला म्हणाली, "काका, मला बस स्टेशनला सोडता का? आज दुपारची आहे एक बस."

घरी जाताना सिग्नलला गाडी थांबल्यावर शीला म्हणाली, "मला माझ्या मुलीचं कधी कळलं माहितीये तुम्हाला? पाळण्याची दोरी हातात होती तेव्हा. दीडशे माणसांबरोबर."

दिवा हिरवा झाला तशी दीनानाथनी गाडी काढली.

पुढचे चार दिवस ऊर्मीनं त्यांचा फोन उचलला नाही. आईशी मात्र बोलत होती. दीनानाथ सकाळी देवापुढे बसले, की समोरच्या रामाच्या डोळ्यांकडे त्यांना बघवत नसे. क्षमा मागायला डोळे मिटावेत, तर मनात सुरेख वाक्यं जुळायला लागत, यमकंसुद्धा जुळत, आणि मग त्यांना स्वतःचीच किळस येई. ऑफिसात बग लिहून काढताना ते मधेच थांबत. 'पाण्याचा पेला दातांवर वाजतो.' ही गोष्ट तिनं कोणाला सांगितली नसती. ती त्यांना कशाला हवी होती? त्याशिवाय दृष्टान्त अडला असता का? अडला नसता. नुसता कमी रंगला असता.

पाचव्या दिवशी त्यांनी पत्र लिहायला घेतलं. चार पानं झाली. लिहिता लिहिता एक वाक्य असं काही उतरलं, की त्यांचं त्यांनाच भरून आलं. बापाची चूक ही लेकीच्या पदराला पडलेला डाग असतो, तो बापाला धुता येत नाही, असं काहीतरी. दीनानाथनी उठून निळी वही आणली. ते वाक्य कुठे उतरवावं म्हणून पानं उलटली, योग्य पान नव्हतं, म्हणून नवीन पान पाडून वर 'पश्चात्ताप' लिहिलं आणि पेन टेकवलं. तेव्हा ते भानावर आले. मग पत्राची चारी पानं फाडून रिसायकलिंगच्या निळ्या डब्यात टाकली, आणि कोणी वाचेल म्हणून पुन्हा काढून आणखी बारीक फाडली.

हनुमानजयंतीच्या आठवड्यात किचनरच्या मंडळींनी त्यांचं कीर्तन ठेवलं होतं. दीनानाथांच्या मनात आलं, की हेच बरं. जिथे चुकलो तिथूनच, गादीवरून, सगळ्यांसमोर लेकीची माफी मागावी. ती तिथे असेल. सभेत केलेलं पाप सभेतच फेडावं. त्यांनी हे अरविंदला फोनवर सांगितलं. तबल्याला तोच जाणार होता.

अरविंद मनापासून म्हणाला, "बुवा, फार रंगेल. लोक ढसाढसा रडतील."

बिचाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण दीनानाथनी फोन ठेवला तो कानशिलात बसल्यासारखा. आपण पुन्हा तेच करायला निघालो होतो. त्यांनी किचनरला फोन करून घसा बसल्याचं खोटं कारण दिलं आणि कीर्तन रद्द केलं. मग ऊर्मीला एवढाच मेसेज पाठवला: 'मी एकटा येऊ का?' दोन दिवसांनी उत्तर आलं. 'संडे अकरा. घराजवळच्या कॉफी शॉपमध्ये. घरी नको.'

सहा तास गाडी चालवून ते गेले. ऊर्मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती. त्यांच्यासाठी तिनं चहा घेऊन ठेवला होता, तो निवला होता.

"मी चुकलो," दीनानाथ म्हणाले.

तिनं चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला.

"त्या वेळी मला वाटलं, की देवाच्या दारात आपण..."

"बाबा, नको ना."

शेजारच्या टेबलावर एक म्हातारा पेपर वाचत होता. बाहेर पावसाची भुरभुर चालली होती.

"मला एकच सांग," ऊर्मी म्हणाली. "लोक सुटायला लागले म्हणून केलंस ना?"

हे त्यांनी शीलाला सांगितलं नव्हतं. देवालाही सरळ शब्दांत सांगितलं नव्हतं. "हो," ते म्हणाले.

"मला मागून कळत होतं. सभा सुटली की तुझी मान वाकडी होते. मला वाटलं, आता तो कंजूष शेटजीचा जोक मारशील." ती कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "तू त्या पंडिताला इतकं छान झापलंस, बाबा. आय वॉज सो प्राउड. मनात म्हटलं, ह्याला कळलं. माझे प्रोफेसर त्या पत्राचं लॅटिनच बघतात, ह्याला ती मुलगी कळली. आणि मग लगेच..."

दीनानाथनी निवलेल्या चहाचा एक घोट घेतला.

"तू ओळ का उचललीस?" त्यांनी विचारलं. "गप्प राहिली असतीस तर मला कळलं असतं."

"कारण तू टाकलीस." तिनं खांदे उडवले. "सात वर्षांची असल्यापासून उचलतेय. आय डोन्ट नो हाऊ नॉट टू."

यावर दीनानाथनी काही सुचवून घेतलं नाही. पेपरवाला म्हातारा उठून गेला. टेबल पुसायला आलेल्या मुलीनं त्यांचा अर्धा कप उचलू का म्हणून विचारलं, ते मानेनंच नको म्हणाले. आणि मग, निघायची वेळ आली तशी, त्यांच्या तोंडून निसटलंच. "परीक्षा पुन्हा देणार आहेस ना गं? कधी आहे?"

ऊर्मीनं त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"हे नाही विचारायचं. तारीख सांगणार नाही. देणार की नाही, तेही नाही. पास झाले, फेल झाले, काहीच नाही. आईला सांगेन. तुला नाही."

"किती दिवस?"

"माहीत नाही, बाबा. खरंच माहीत नाही मला."

"बरं," दीनानाथ म्हणाले.

तिनं त्यांना पार्किंगपर्यंत सोडलं. विंटर टायर अजून काढले नाहीत म्हणून रागावली. मिठी मारली नाही, पण गाडी वळेपर्यंत उभी राहिली.

उन्हाळा आला. मंडळाची पिकनिक झाली. ज्यांनी रामनवमीला डोळे पुसले होते ते सगळे आता आपला हक्क असल्यासारखे विचारू लागले. "बुवा, काय झालं ऊर्मीच्या परीक्षेचं?" गोष्ट आपणच त्यांच्या हाती दिली, तेव्हा शेवट विचारायचा त्यांना हक्कच होता, हे दीनानाथना कळत होतं.

"मला माहीत नाही," ते म्हणत.

"म्हणजे? बाप असून?"

"बाप असून."

कोणी हसे, कोणाला ते रागावलेत असं वाटे, कोणी शीलाकडे वळे. शीला विषय बदलायची. सुमेधाताई एकदा म्हणाल्या, की बुवा, नापास झाली असेल तर लाजू नका, आपली मुलगी आहे ती. दीनानाथ मान खाली घालून मक्याचं कणीस सोलत राहिले. लाज वाटत होती हे खरं होतं, पण ती कशाची, हे सांगायला गेलं असतं तर पुन्हा एक गोष्टच झाली असती.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी सकाळी शीला ओट्यापाशी उभी राहून भेंडी चिरत होती. चार दिवस ती काहीतरी मनात धरून वावरत होती, हे दीनानाथांच्या लक्षात आलं होतं. शेवटी तिनं सुरी खाली ठेवली.

"अहो. सांगू का तुम्हाला? तिला कळणार नाही. मी तुमचे हाल बघतेय."

दीनानाथांचं तोंड उघडलं होतं. हो म्हणायला एवढाच वेळ लागतो.

"नको," ते म्हणाले. "तिला वाटलं तर ती सांगेल."

"आणि नाहीच वाटलं तर?"

"तर नाही."

शीला पुन्हा भेंडी चिरायला लागली. ते मागच्या अंगणात गेले. गवत घोट्याच्या वर आलं होतं. गवत कापायचं मशीन बाहेर काढून ते त्याच्यात पेट्रोल घालत होते, तेवढ्यात आत फोन वाजला आणि किचनच्या उघड्या खिडकीतून शीलाचा आवाज आला. "हं, बोल गं ऊर्मी." मग ती हसली. कशाला हसली कोण जाणे. आईलेकी कशालाही हसतात.

पुढचं वाक्य खिडकीतून बाहेर यायच्या आत दीनानाथनी मशीनची दोरी ओढली. ते सुरू झालं नाही. त्यांनी पुन्हा ओढली, जोर लावून, आणि मशीन दणाणलं. कुंपणापाशी जाऊन त्यांनी खिडकीकडे पाठ केली आणि सगळ्यात लांबच्या टोकापासून गवत कापायला घेतलं.